बेस-कोचाचे शिरस्त्राण आणि पंचांचा अधिकार

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणून प्रसिद्ध असला, तरी आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांस तो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला असेल. म्हणून प्रथम त्या क्रीडांगणाची थोडीशी ओळख करून देणे इष्ट आहे. फलंदाज उभा राहतो ते स्थान चौकोनाचा एक कोपरा असते. उरलेल्या तीन कोपऱ्यांवर, एकमेकांपासून ९० फुटांच्या अंतराने, तीन बेस मांडलेले असतात. चेंडू टोलवून हे तिन्ही बेस क्रमाने गाठावे व मूळ स्थानी परत यावे, म्हणजे एक धाव पदरी पडते. धावणाऱ्यास आपल्या पाठीमागे चेंडू कोठे गेला हे दिसत नाही. ते पाहून त्यास थांबविण्याकरिता किंवा पुढे पिटाळण्याकरिता फलंदाजी करणाऱ्या पक्षाची दोन माणसे पहिल्या व तिसऱ्या बेसजवळ, सीमारेषेच्या बाहेर आखलेल्या चौकटीत उभी असतात. यांस बेस-कोच म्हणतात.

या माणसाच्या हाती बॅट नसते, हातमोजा नसतो, आणि त्याच्या कामाचे स्वरूपच असे की, त्याची नजर पुष्कळदा चेंडूवरून उडून धावणाऱ्याकडे जाते. बेसबॉलचा चेंडू पाच-सव्वापाच औंस वजनाचा व कठीण असतो. तो ताशी १०० मैलांच्या वेगाने सुटला, तर ९० फुटांचे अंतर काटावयास त्यास एका सेकंदाचा तीन-पंचमांश भाग पुरतो. अशा जागी उभ्या राहणाऱ्याने डोक्यावर शिरस्त्राण घातलेच पाहिजे, असे बंधन अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये २००८ साली आले. नियम एका ओळीचा आहे. पण तो कसा जन्मला, त्यास कोणी विरोध केला आणि पंच तो कसा पाळवितात, हे पाहू गेल्यास एकंदर नियमांविषयीच पुष्कळ शिकावयास मिळते.

या खेळात डोक्याच्या रक्षणाचा विचार अतिशय मंद गतीने वाढला. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर क्लीव्हलंडचा खेळाडू रे चॅपमन याच्या मस्तकावर कार्ल मेझ याने फेकलेला चेंडू आदळला. आवाज असा झाला की, चेंडू बॅटलाच लागला असे समजून मेझने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला. चॅपमन दुसऱ्या दिवशी पहाटे मरण पावला. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. या मृत्यूनंतर मळलेले, नीट न दिसणारे चेंडू वेळीच बदलण्याकडे पंच अधिक लक्ष देऊ लागले. परंतु फलंदाजाच्या डोक्यावर काही असावे, ही साधी गोष्ट कोणी सक्तीची केली नाही. १९४० साली ब्रुकलिन संघातील दोन नामांकित खेळाडूंच्या डोक्यास इजा झाली, तेव्हा १९४१ साली त्या संघाने टोपीच्या आत बसविण्याच्या कठीण पट्ट्या वापरून पाहिल्या. १९५२-५३ च्या सुमारास ब्रँच रिकी यांच्या व्यवस्थेखाली पिट्सबर्ग संघाने खरी शिरस्त्राणे चढविली. सर्वांना शिरस्त्राणाची सक्ती व्हावयास १९७१ साल उजाडले. तीतूनही जुन्या खेळाडूंस सूट होतीच. बोस्टनचा बॉब माँटगोमेरी हा शिरस्त्राणावाचून फलंदाजी करणारा शेवटचा खेळाडू १९७९ सालापर्यंत मैदानावर होता. कानावर झाप असलेले शिरस्त्राण नव्या खेळाडूंना १९८३ पासून आवश्यक झाले. म्हणजे चॅपमनच्या मृत्यूपासून नियम पुरता होईपर्यंत साठांहून अधिक वर्षे लोटली. भीती वाटत नाही असे दाखविण्याची हौस आणि जुन्या माणसांस न दुखविण्याची भीड, या दोहोंनी मिळून हा काळ खाल्ला, असे आम्हांस वाटते.

या सगळ्या काळात बेस-कोचाची आठवण कोणास झाली नाही. ती करून दिली माइक कूलबॉ याच्या मृत्यूने. हा गृहस्थ सतरा वर्षे मुख्यतः दुय्यम दर्जाच्या संघांतून खेळला. वरच्या दर्जाचे अवघे ४४ सामने त्याच्या वाट्यास आले. खेळणे थांबल्यावर जुलै २००७ मध्ये तो टल्सा ड्रिलर्स या संघाचा कोच झाला. २२ जुलै रोजी आर्कान्सॉ संस्थानातील नॉर्थ लिटल रॉक येथे सामना चालू असता तो पहिल्या बेसजवळ उभा होता. सामन्याचा नववा, म्हणजे शेवटचा डाव होता. त्याच्याच संघाच्या फलंदाजाने जोराने मारलेला, रेषेबाहेर गेलेला चेंडू त्याच्या मानेवर डाव्या बाजूस बसला. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फुटली आणि तो गतप्राण झाला. तो ३५ वर्षांचा होता. मागे दोन लहान मुलगे होते, आणि पत्नी गरोदर होती. त्या वर्षी कोलोरॅडो रॉकीज हा टल्साचा पालकसंघ अंतिम स्पर्धांपर्यंत पोहोचला. तेव्हा त्यातील खेळाडूंनी आपल्या मिळकतीतील एक पूर्ण वाटा त्याच्या कुटुंबास देण्याचे ठरविले. ही गोष्ट त्या खेळाडूंस भूषणावह आहे.

नोव्हेंबर २००७ मध्ये प्रमुख संघांच्या व्यवस्थापकांनी ठरविले की, पुढील हंगामापासून प्रत्येक बेस-कोचाने शिरस्त्राण वापरावे. चॅपमननंतर जे काम पन्नास वर्षांत झाले नाही, ते येथे चार महिन्यांत झाले. परंतु ज्यांच्या डोक्यांसाठी हा नियम, त्यांपैकीच काहींस तो रुचला नाही. लॉस एंजेलिस डॉजर्सचा तिसऱ्या बेसवरील कोच लॅरी बोवा हा त्यांत अग्रेसर होता. पाहिजे तर दंड भरू, पण हे ओझे नको, अशी त्याची प्रारंभीची भाषा होती. त्याचा रोष सर्वस्वी अविचारी होता असे आम्ही म्हणणार नाही. आयुष्यभर साध्या टोपीत वावरलेल्या वडीलधाऱ्या माणसास कोणी मुलासारखे कपडे घालावयास सांगितले, तर ते झोंबणारच.

शिवाय विरोधकांच्या बाजूने एक वस्तुस्थिती होती, आणि ती नाकारता येत नाही. चेंडू कूलबॉच्या मानेवर बसला, डोक्यावर नव्हे. बेस-कोचांस जे शिरस्त्राण सक्तीचे झाले त्याला कानावर झापही असावी लागत नाही, मग मानेची गोष्ट दूरच. म्हणजे ज्या मृत्यूपायी हा नियम झाला, तो मृत्यू या नियमाने टळला असता असे म्हणता येत नाही. क्रिकेटच्या चाहत्यांस येथे फिलिप ह्यूज याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनी येथे चेंडू त्याच्या मानेवर, शिरस्त्राणाच्या खाली लागला. त्याचीही तशीच धमनी दुखावली आणि दोन दिवसांनी तो वारला. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. पण क्रिकेटने त्यापासून घेतलेला धडा घावाच्या जागी नेमका बसणारा आहे. शिरस्त्राणास मागून मानेचे रक्षण करणारी जोड निघाली, आणि वेगवान गोलंदाजीपुढे ती वापरणे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने ऑक्टोबर २०२३ पासून आवश्यक केले.

मग बेसबॉलचा नियम व्यर्थ म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. नियम हा झालेल्या घावाकरिता नसतो, पुढच्या घावाकरिता असतो. आणि पुढचा चेंडू मानेवरच बसेल असा करार कोणी केलेला नाही. १९९८ सालच्या फेब्रुवारीत ढाक्यास फलंदाजाच्या अगदी निकट, शिरस्त्राणावाचून उभा असता चेंडू लागून आपला रमण लांबा गेला, ते डोक्यावर घाव बसूनच.

आता पंचांकडे वळू. बेस-कोचाने आपले काम करीत असता शिरस्त्राण घातलेच पाहिजे, हे वाक्य पुढे नियमांच्या पुस्तकात फलंदाज व यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या शिरस्त्राणांशेजारी दाखल झाले, आणि त्याखाली पंचांस स्पष्ट आज्ञा दिली आहे. उल्लंघन दृष्टीस पडताच पंचाने ते सुधारावयास सांगावे. पंचाच्या मते वाजवी अशा वेळात ते सुधारले नाही, तर दोषी माणसास सामन्यातून बाहेर काढावे. आणि पुढील शिक्षेची शिफारस करावी. येथे कोणी तक्रार करावयाची वाट नाही. उघडे डोके दुरून दिसते. ते पंचास दिसले म्हणजे पुरे. वाद घालावयास जागा नाही, मोजमाप नाही. बोवासारख्या हट्टी माणसासही अखेर शिरस्त्राण घालावे लागले, त्याचे रहस्य या सोपेपणात आहे.

परंतु कोचाच्या रक्षणाचा दुसराही एक नियम आहे, आणि तो आमच्या मते अधिक मोलाचा आहे. तो म्हणजे चौकटीचा. कोचाची चौकट सीमारेषेपासून १५ फूट दूर आखलेली असते. टोलविलेला चेंडू पुढे निघून जाईपर्यंत कोचाने तीपेक्षा फलंदाजाच्या किंवा खेळाच्या जागेच्या अधिक जवळ येऊ नये, असे नियम सांगतो. चार पावले मागे राहिल्याने जो निमिषमात्र अवकाश मिळतो, त्यात मान वळविता येते, हात आडवा धरता येतो. हा अवकाश मानेचेही रक्षण करतो आणि डोक्याचेही. पण या नियमाची अंमलबजावणी कशी? प्रतिपक्षाच्या व्यवस्थापकाने तक्रार केली, तर पंचाने कोचास ताकीद द्यावी व चौकटीत परत पाठवावे. तो न गेला तर त्यास बाहेर काढावे. तक्रार न झाली तर बहुधा सर्वच डोळेझाक करतात. चौकटीच्या रेषा पायांखाली पुसून जातात, आणि त्या पुन्हा आखण्याची घाई कोणास नसते.

२००८ च्या हंगामाच्या आरंभीच बोवाचा पंचांशी जो खटका उडाला, तो शिरस्त्राणावरून नव्हे, या चौकटीवरूनच. पंच एड माँटेग्यू यांनी त्यास मागे सरावयास सांगितले. बोवा हुज्जत घालू लागला. त्यास सामन्यातून काढण्यात आले आणि पुढे तीन सामन्यांची बंदी व दंडही झाला. शिरस्त्राण निमूटपणे डोक्यावर चढले, पण पाऊल मागे घेण्याचे जिवावर आले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमचा आक्षेप येथेच आहे. प्रतिपक्ष जेव्हा चौकटीविषयी तक्रार करतो, तेव्हा ती कोचाच्या जिवाची कळकळ म्हणून नव्हे. तो पुढे सरून आमच्या खुणा चोरतो, एवढीच त्याची चिंता असते. डावपेचांचे नियम प्रतिपक्षाच्या तक्रारीवर सोपवावे, हे योग्यच आहे, कारण नुकसान त्याचे होते. जिवाच्या रक्षणाचा नियम मात्र ज्यास त्या जिवाची काही पडलेली नाही त्याच्या तक्रारीवर सोपविणे, हे राखणदारी शेजाऱ्याच्या मर्जीवर टाकण्यासारखे आहे. शिरस्त्राणाच्या बाबतीत पंचास जो स्वयंभू अधिकार दिला, तोच चौकटीच्या बाबतीतही द्यावयास हवा होता.

या व्यवस्थेत आणखीही एक विसंगती आहे. चेंडू फेकणारा खेळाडू फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवरच, म्हणजे कोचापेक्षा पुष्कळ जवळ व थेट समोर उभा असतो. त्यास शिरस्त्राणाची सक्ती नाही. २०१४ साली अस्तर घातलेल्या टोपीस परवानगी मिळाली, पण ती ज्याच्या त्याच्या खुशीची. आणि बेसजवळ उभा राहून कोचाचे डोके झाकले आहे की नाही हे पाहणारा पंच स्वतः साध्या टोपीतच असतो. ज्या चेंडूपासून तो दुसऱ्यास वाचवितो, त्याच्या वाटेत त्याचेही मस्तक आहे.

याचा अर्थ नियम करणारे निष्ठुर किंवा मूर्ख आहेत असा नाही. शोकाच्या भरात माणूस प्रथम जे हाती लागते ते करतो. टोपी बदलणे सोपे, ती घातली की नाही हे पाहणे सोपे, आणि केल्यासारखेही दिसते. कूलबॉच्या मृत्यूने त्याच्या व्यवसायबंधूंस शिरस्त्राण दिले, ही काही लहान देणगी नव्हे. पण ज्या जागी त्यास घाव बसला ती जागा अद्याप उघडी आहे, आणि तेथे उपयोगी पडतील ती चार पावले मागे राहण्याची आठवण देणारा आवाज तक्रारीवाचून उठत नाही. तो आवाज पंचाने आपण होऊन उठवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.