वनौषधींची जनुकीय सुरक्षा-चाचणी

वनस्पतीच्या मुळी, साल, पान किंवा अर्कामुळे पेशीतील डीएनएला इजा होते का, हे पाहणारी प्रयोगशालेय तपासणी. उलट्या, झापड, जुलाब यांवरून जुन्या वैद्यांनी बचनाग-धोतऱ्याची मात्रा ठरवली. डीएनएतील बिघाड मात्र अनेक वर्षांनी कर्करोग होऊन पुढे येतो. तेव्हा एखाद्या मुळीची आठवण कोणाला होत नाही. त्यामुळे ‘पूर्वापार वापर’ एवढा पुरावा इथे पुरत नाही.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आढळणारी सापसन ही औषधी वेल याचे उदाहरण आहे. कॉमन रोज फुलपाखराच्या अळ्या तिच्या कुळातील वनस्पतींची पाने खाऊन त्यांतले ॲरिस्टोलोकिक आम्ल अंगात साठवतात आणि पक्ष्यांपासून वाचतात. माणसात हेच आम्ल डीएनएला चिकटून बसते. 1990च्या दशकात बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत या कुळातील चिनी वनस्पती चुकून गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे बिघडली आणि पुढे त्यांच्यातील अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

चाचण्यांत पहिली एम्सची. हिस्टिडीनशिवाय वाढू न शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंवर अर्क टाकतात. उत्परिवर्तन होऊन ते पुन्हा वाढू लागले, तर धोक्याची शंका येते. सोबत उंदराच्या यकृताचा अर्कही घालतात, कारण काही द्रव्ये यकृतातून गेल्यावरच घातक होतात. त्यानंतर गुणसूत्रांचे सुटलेले तुकडे शोधणारी सूक्ष्मकेंद्रक आणि डीएनएचे तुटणे दाखवणारी कॉमेट या चाचण्या. शुद्ध रेणूवर हे सारे सोपे जाते. मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने 1970च्या दशकात कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फॉर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे काढले, तसा एकच रेणू हाती असला की निकालाचा अर्थ लावता येतो. काढ्याचे तसे नाही. त्यात मुळातच हिस्टिडीन असले, तर काही बिघाड न होताही जिवाणू वाढतात. क्वेर्सेटिनसारखे भाजीपाल्यातले द्रव्यही एम्स चाचणीत दोषी ठरते. म्हणून एका चाचणीवर निवाडा करणे अन्यायाचे आहे.

मुंबईच्या उपनगरांतल्या घरांना सर्वांत जवळचा प्रश्न वेखंडाचा. घाटकोपर-अंधेरीच्या काष्ठौषधींच्या दुकानांतून बाळगुटीसाठी ते आणतात आणि सहाणेवर त्याचे वेढे देतात. वेखंडाच्या अमेरिकी, द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) प्रकारात बीटा-असारोन हे द्रव्य नसते; आशियातील चतुर्गुणित (चार संचांच्या) प्रकाराच्या तेलात मात्र तेच मुख्य असते. उंदरांना ते दीर्घकाळ दिल्यावर आतड्यात गाठी आढळल्या आणि 1968 मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांतील वेखंडावर बंदी घातली. गुटीतले प्रमाण अल्प असते हे खरे. पण ती तान्ह्या बाळाला देतात, म्हणून दुकानातल्या मालाचा प्रकार आणि त्यातले असारोन तपासले जाणे आवश्यक आहे.

मात्र भारताच्या औषध नियमावलीत 2010 मध्ये आलेल्या नियम 158-बीनुसार ग्रंथोक्त आयुर्वेदीय औषधांना, जुन्याच उपयोगासाठी, सुरक्षा-अभ्यास सादर करावा लागत नाही. अनुसूची ई-1 मधील विषारी द्रव्य घातलेल्या मालकी औषधांना तो लागतो. त्या यादीत बचनाग, कुचला, धोतरा आहेत; वेखंड नाही.