काचेच्या पेटीतला संसार

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले. त्यानंतर दहाबारा वर्षांनी माझ्या मामांनी मला प्रथम तेथे नेले. मी त्या वेळी गिरगावात मामांकडे शिकावयास होतो. आईवडील सावंतवाडीजवळच्या खेड्यात. त्यांची भेट वर्षातून दोनदा, गणपतीत आणि मे महिन्यात. मामामामींनी मला काही कमी केले नाही. तथापि संध्याकाळी दिवेलागणीला घशाशी काहीतरी दाटून येई, ते का हे तेव्हा उमजत नसे. त्या दिवशी मात्र एका पेटीतल्या रुपेरी, उभ्या काळ्या पट्ट्यांच्या माशांनी मला असे बांधून ठेवले की मामांना मला हाताला धरून ओढून न्यावे लागले.

त्या माशाला दुकानदार एंजल म्हणतात. तो दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या पाण्यातला, सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातला. आफ्रिकेतल्या सरोवरांत या कुळाच्या शेकडो जाती आहेत; दक्षिण अमेरिकेत शेकडो आहेत; आपल्या हिंदुस्थानात मात्र अवघ्या तीन. या कुळाची खूण म्हणजे संसार. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. सिक्लिड तसे नव्हेत. कोणी दगडावर अंडी घालून त्यांच्यावर पहारा देतात, कोणी पिले तोंडात घेऊन हिंडतात.

माशांचा हा संसार माणसाला पाहावयास मिळाला तो घरात काचेची पेटी आली तेव्हा. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली बारा गॅलनच्या भांड्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवून दाखवले की वनस्पती व प्राणी यांचा मेळ बसला तर पाणी वारंवार न बदलताही मासे जगतात. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस याचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांत पेट्यांची लाटच आली. नदीच्या गढूळ पाण्यात जे दिसत नव्हते, ते आता खुर्चीत बसून पाहता येऊ लागले. एंजल माशाचे शास्त्रीय वर्णन १८२३ सालीच झाले होते; पण तो जिवंत युरोपात पोचला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, जर्मनीत.

आमच्या घरी तो पोचला १९८७ साली. मुलगा पाच वर्षांचा होता. त्याच्या हट्टापायी मी तीन फुटी पेटी आणली. हट्ट त्याचा आणि हौस माझी, असे बायको म्हणे, आणि ते खोटे नव्हते. सहा एंजल आणले. त्यांतल्या दोघांनी वर्षभरात जोडी जमवली आणि पेटीचा एक कोपरा बळकावून इतरांना तिकडे फिरकू देईनात. आम्ही त्या दोघांना वेगळी पेटी दिली.

१९८८ च्या नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसण्यापूर्वी मी सहज दिवा लावला, तर मादी एका रुंद पानावर ओळीने अंडी घालीत होती. तिच्या मागून नर त्या ओळीवरून फिरत होता. दोनएकशे दाणे असावेत. सारी वाडी फटाके उडवीत होती आणि आमचा मुलगा हातातली फुलबाजी विसरून काचेला नाक लावून बसला. दोघे आळीपाळीने पंखांनी पाणी ढवळीत, पांढरी पडलेली अंडी वेचून टाकीत. भाऊबिजेच्या सकाळी पान कोरे होते. आईबापांनी सगळी अंडी खाल्ली होती.

मुलगा रडला. पुढच्या खेपेस तेच, त्याच्या पुढच्या खेपेसही तेच. ज्याच्याकडून मासे घेतले त्या दुकानदाराने तोडगा सांगितला: अंडी दिसताच पान कापून वेगळ्या भांड्यात ठेवा, त्याखाली हवेचा नळ सोडा, बुरशी न यावी म्हणून मेथिलिन ब्लूचे थेंब टाका, आईबापांचे काम पंप करील. विक्रीसाठी पैदास करणारे बहुतेक असेच करतात. आम्हीही केले. अडीच दिवसांत पिले फुटली, शेपट्या वळवळवीत पानाला चिकटून राहिली, आठवड्यात पोहू लागली. मग खरी कसोटी. एवढ्याशा तोंडात मावेल असे काय घालावे? कोबीचे पान कुजवून त्यातले सूक्ष्म जीव वाढवले, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून थेंबथेंब सोडला. बलक जरा जास्त झाला की पाणी नासे. दर दिवशी थोडे पाणी काढावे, तितक्याच उष्णतेचे ताजे घालावे. एवढे करून तीस पिले हाती लागली. आम्हाला कोण अभिमान!

याच सुमारास माझ्या बँकेचा हुकूम आला: बदली, चंद्रपूर. मुलगा नुकताच चांगल्या शाळेत रुळला होता. मामा म्हणाले, "अरे, त्याला आमच्याकडे ठेव. तुझे नाही का झाले?" मी जवळजवळ होकार दिला होता. खरोखरच, माझे काय वाईट झाले होते?

बांधाबांधीच्या त्या गडबडीत एंजलांनी पुन्हा अंडी घातली. पान कापावयाचे मी विसरलो. आठवले तेव्हा तिसरा दिवस होता. पाहतो तो अंडी नाहीत. पण बायको म्हणाली, "अहो, नीट पाहा." नराने वळवळणारी पिले तोंडात धरून शेजारच्या पानावर चिकटवली होती. एखादे पिलू गळून खाली पडे, की मादी ते अलगद तोंडात घेई आणि पुन्हा पानावर फुंकी. आठव्या दिवशी ती दोघे पिलांच्या ढगाला मधे घेऊन पेटीभर मिरवत होती.

पुढे वाचनात आले, की हे नवल नव्हे. कोवळ्या जोड्या पहिल्या काही खेपा खाऊन टाकतात आणि हळूहळू शिकतात. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील नोबल आणि कर्टिस यांनी १९३९ साली ज्वेल फिश या आफ्रिकी सिक्लिडावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. पहिलटकर जोडीच्या अंड्यांच्या जागी परजातीची अंडी ठेवली, तर ती जोडी ती पिले वाढवी आणि पुढे स्वजातीची पिले मात्र परकी समजून मारी, असे त्यांना दिसले. नंतरच्या अभ्यासकांना निकाल इतका सरळ मिळाला नाही. तथापि आपले पिलू कोणते हे माशालाही काही अंशी शिकावे लागते, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रात आला. याच माशाची एक गोष्ट कोनराड लोरेन्त्स यांनी १९४९ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. संध्याकाळी बाप चुकार पिले तोंडात गोळा करून घरट्यात नेतो. एकदा तोंडात किडा असतानाच त्याला चुकलेले पिलू दिसले. त्याने तेही तोंडात घेतले. आता गिळावे की सोडावे? क्षणभर तो थबकला. मग दोन्ही खाली टाकली, किडा खाल्ला, आणि पिलू उचलून घरी नेले. लोरेन्त्स यांना पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

बायकोने हे काही वाचले नव्हते. ती एवढेच म्हणाली, "त्यांना आपण वेळच दिला नव्हता." थोड्या वेळाने म्हणाली, "मुलगा आपल्याबरोबर येईल." मुलगा चंद्रपूरला आला. तेथल्या शाळेत शिकला, तेथल्या उन्हात पोळला. दिवेलागणीला माझ्या शेजारी असे.

मुंबईस परतल्यावर एका मल्याळी स्नेह्याने केरळच्या खाडीतली काही पिवळी, बोटभर मासळी आणून दिली. हे आपल्या देशातले सिक्लिड. बर्लिनच्या मार्कुस ब्लॉक या डॉक्टराने १७९५ साली त्याचे वर्णन केले. त्याआधी १७९० साली त्यानेच त्याच्या मोठ्या भावंडाला सुरतेचे नाव दिले होते. ते भावंड म्हणजे गोव्यातला कालुंदर आणि केरळातला करीमीन. २०१० साली केरळाने त्याला राज्यमासा ठरवले. या माशांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करात आहेत.

किंचित खारट पाण्यात त्या पिवळ्या जोडीने पिले काढली. पाहतो तो पिले आईबापांच्या कुशीला तोंड लावून पुन्हा पुन्हा निसटत होती. मला वाटले, काही रोग. रोग नव्हता, ते दूध होते म्हणा ना! आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर पिले खातात. वॉर्ड आणि बार्लो या अभ्यासकांनी या माशातला हा प्रकार १९६७ साली मांडला. ॲमेझॉनच्या डिस्कस माशाची पिले तर सुरुवातीला यावरच जगतात. पेट्या पाळणाऱ्यांनी कित्येक वर्षे डिस्कसची अंडी सुरक्षित म्हणून वेगळी काढली आणि पिले पटापट मेली. आईबापांजवळ ठेवली तेव्हा जगली. हिल्डमन यांनी १९५९ साली त्याचे कारण लिहून प्रसिद्ध केले. २०१० सालच्या अभ्यासात असे आढळले की अंडी घातल्यावर त्या थरात प्रथिने आणि रोगप्रतिकारक द्रव्ये वाढतात, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास आईबाप पिलांपासून थोडे थोडे दूर सरू लागतात. म्हणजे अंगावरचे तोडणेही आले!

आईवडिलांनी मला गिरगावात ठेवले ते माझ्या भल्यासाठीच. आमच्या खेड्यात तेव्हा हायस्कूल नव्हते. त्यांच्यावर रोष नाही. मामांचे ऋण तर जन्मात फिटावयाचे नाही. मीही त्या तीस पिलांचा पंप नीटच चालवला होता आणि ती चांगली वाढली. पण त्यांनी कुशीला तोंड लावलेले मी कधी पाहिले नव्हते, म्हणून काय राहून गेले हे मला ठाऊक नव्हते.

आता मुलाचा मुलगा पाच वर्षांचा आहे. यंदा दिवाळीला ती सर्व मंडळी येणार आहेत. पेटी घासूनपुसून ठेवली आहे. पिवळ्या जोडीची पुढची पिढी कोपऱ्यातला दगड साफ करू लागली आहे. बायकोने चकलीच्या भाजणीतून डोके वर काढून बजावले आहे, की अंडी घातलीच तर कोणी हात लावावयाचा नाही.