अटलांटा आणि बर्मिंगहॅम : दोन शहरांची स्पर्धा, निवासयोग्यता आणि वांशिक विलगीकरण – एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

शहरांमधील स्पर्धा ही आधुनिक नागरी इतिहासातील एक महत्त्वाची प्रक्रिया आहे. कोणते शहर राहण्यास अधिक चांगले, कोणते अधिक उदार, कोठे उद्योगांनी यावे, या प्रश्नांची उत्तरे शहरे स्वतःच देत असतात आणि कालांतराने तीच उत्तरे इतिहास म्हणून रूढ होतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा आणि शेजारच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम या दोन शहरांचा इतिहास या दृष्टीने अभ्यासनीय आहे. १९५० साली ही शहरे लोकसंख्येने जवळजवळ समान होती. पुढे एक शहर 'द्वेष करायला सवड नसलेले शहर' म्हणून मिरवू लागले, तर दुसऱ्याला बाँबस्फोटांमुळे 'बाँबिंगहॅम' असे कुत्सित नाव मिळाले. नागरी हक्क चळवळीच्या पाठ्यपुस्तकांतूनही ही शहरे अनुक्रमे शहाणपणाचे आणि हटवादीपणाचे उदाहरण म्हणून येतात.

हा विरोध निराधार नाही. परंतु तो अपुरा आहे. दोन शहरांतील फरक प्रामुख्याने राज्यकारभाराच्या रीतीत होता. वस्तीच्या नकाशात मात्र तो जवळजवळ नव्हता, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

१) दोन्ही शहरांच्या आर्थिक व सामाजिक जडणघडणीतील भेद स्पष्ट करणे.
२) निवासयोग्यतेच्या दाव्यांमागील वांशिक आशय तपासणे.
३) शहराची प्रतिमा आणि प्रत्यक्ष वस्तीरचना यांतील अंतर दाखविणे.

३. दोन शहरांची जडणघडण

अटलांटाचा जन्म १८३७ मध्ये लोहमार्गाचे अखेरचे स्थानक म्हणून झाला. व्यापार, बँका, विमा आणि वाहतूक हा त्याच्या अर्थकारणाचा पाया होता. बर्मिंगहॅमची स्थापना त्यानंतर १८७१ मध्ये झाली. कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी ही पोलादाची तिन्ही द्रव्ये परिसरातच सापडत असल्याने हे शहर इतक्या वेगाने वाढले, की त्याला 'जादूनगरी' म्हटले जाऊ लागले. १९०० साली ३८,४१५ असलेली त्याची लोकसंख्या, शेजारच्या वसाहतींच्या समावेशासह, १९१० मध्ये १,३२,६८५ झाली.

परंतु बर्मिंगहॅमच्या संपत्तीची मालकी बर्मिंगहॅममध्ये राहिली नाही. १९०७ मध्ये युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीने तेथील प्रमुख पोलाद कंपनी विकत घेतली आणि महत्त्वाचे निर्णय शहराबाहेर होऊ लागले. खाणी आणि भट्ट्यांना स्वस्त व विभागलेले मजूर हवे होते. कैद्यांना खाणमालकांकडे भाड्याने देण्याची पद्धत अलाबामात १९२८ पर्यंत चालू होती आणि तिचे बळी बहुसंख्येने कृष्णवर्णीय होते. गोऱ्या कामगारांना वरची कामे आणि कृष्णवर्णीयांना जड व धोक्याची कामे, अशी विभागणी कारखान्यातच झाल्यामुळे वर्णभेद हा तेथील गोऱ्या कामगाराच्या दृष्टीने रोजगाराच्या रक्षणाचा प्रश्न बनला.

अटलांटाचे व्यापारी भांडवल स्थानिक होते. शहराची बदनामी झाली, तर नुकसान थेट त्यांचे होणार होते. दुसरीकडे, अटलांटा विद्यापीठ व त्याच्या परिसरातील महाविद्यालयांमुळे आणि ऑबर्न अव्हेन्यूवरील कृष्णवर्णीयांच्या विमा कंपन्या, बँका व वृत्तपत्रांमुळे तेथे सुशिक्षित कृष्णवर्णीय मध्यमवर्ग निर्माण झाला होता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १८९७ ते १९१० आणि पुन्हा १९३४ ते १९४४ या काळात याच विद्यापीठात अध्यापन केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. म्हणूनच हा विषय महाराष्ट्रातील अभ्यासकाला सर्वस्वी परका नाही.

अर्थात अटलांटाचा पूर्वेतिहास सौम्य होता, असे नव्हे. सप्टेंबर १९०६ मधील दंगलीत तेथे किमान २५ कृष्णवर्णीय मारले गेले होते.

४. लोकसंख्येची चढाओढ आणि शहराच्या सीमा

१९५० च्या जनगणनेत अटलांटाची लोकसंख्या ३,३१,३१४ आणि बर्मिंगहॅमची ३,२६,०३७ होती. १९६० मध्ये हे आकडे अनुक्रमे ४,८७,४५५ आणि ३,४०,८८७ झाले. दहा वर्षांत अटलांटा पुढे निघून गेले, हे सांगताना सामान्यतः याच आकड्यांचा आधार घेतला जातो. मात्र १९५२ मध्ये अटलांटाने आपली हद्द सुमारे ३७ चौरस मैलांवरून ११८ चौरस मैलांपर्यंत वाढविली आणि त्यातून सुमारे एक लाख लोक एकाच वेळी शहरात आले. दशकातील एकूण वाढ १,५६,१४१ होती. म्हणजे तिचा मोठा भाग या हद्दवाढीतून आला.

या हद्दवाढीचा हेतूही तपासला पाहिजे. दीर्घकाळ महापौर राहिलेले विल्यम हार्ट्सफील्ड यांना मध्यवर्ती शहरात कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होतील, अशी चिंता होती. नव्याने समाविष्ट झालेली वस्ती प्रामुख्याने गोऱ्यांची होती. याउलट बर्मिंगहॅमच्या दक्षिणेकडील माउंटन ब्रूक या श्रीमंत गोऱ्या उपनगराने १९४२ मध्येच स्वतंत्र नगरपालिका स्थापन केली होती. एका शहराने गोऱ्या उपनगरांना आत घेतले, दुसऱ्याच्या उपनगरांनी स्वतःला बाहेर ठेवले. दोन्ही ठिकाणी सीमा आखताना वंशाचा विचार होता. परिणाम मात्र जनगणनेच्या तक्त्यात एका शहराची प्रगती आणि दुसऱ्याची कुंठितावस्था असा दिसला.

विमानतळाची कथाही अशीच सोपी करून सांगितली जाते. डेल्टा कंपनीला बर्मिंगहॅम हवे होते, परंतु तेथील करामुळे ती अटलांटाला गेली, असे म्हटले जाते. कंपनीचे मुख्यालय १९४१ मध्ये अटलांटात आले, हे खरे. तथापि हार्ट्सफील्ड हे नगरसदस्य असल्यापासून, म्हणजे १९२० च्या दशकापासून, विमानतळासाठी प्रयत्नशील होते. त्यामुळे अटलांटाच्या आघाडीचे श्रेय एका करास किंवा एका निर्णयास देता येत नाही.

५. निवासयोग्यता : उद्याने, पोलीस आणि मतदान

शहर राहण्यास चांगले आहे किंवा नाही, याची कसोटी नागरिकांच्या सामायिक सोयींत लागते. सार्वजनिक मैदानांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अटलांटाची सार्वजनिक गोल्फ मैदाने कृष्णवर्णीयांना खुली करावी लागली. हार्ट्सफील्ड यांनी फारसा गाजावाजा न करता ती खुली केली. १९६१ मध्ये बर्मिंगहॅमलाही उद्याने सर्वांना खुली करण्याचा न्यायालयीन आदेश मिळाला; तेव्हा नगर प्रशासनाने १९६२ च्या आरंभी शहरातील उद्याने, क्रीडांगणे, पोहण्याचे तलाव आणि गोल्फ मैदाने बंदच करून टाकली. दुसऱ्याला मिळू नये म्हणून स्वतःच्या मुलांचीही खेळण्याची जागा काढून घेण्याचा हा निर्णय वर्णभेदाची किंमत गोऱ्या समाजानेही कशी मोजली, हे दाखवितो.

या फरकामागे अटलांटाच्या नेत्यांचे औदार्य होते असे मानल्यास कृष्णवर्णीयांच्या कर्तृत्वाकडे दुर्लक्ष होईल. १९४६ मध्ये जॉर्जियात केवळ गोऱ्यांसाठी असलेली पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक न्यायालयीन निर्णयाने संपुष्टात येताच अटलांटात मतदार नोंदणीची मोहीम झाली. कृष्णवर्णीय मतदारांची संख्या काही महिन्यांत सुमारे ७ हजारांवरून २१ हजारांवर गेली. त्याचे फळ म्हणून १९४८ मध्ये शहराच्या पोलीस दलात ८ कृष्णवर्णीयांची नेमणूक झाली. त्यांना गोऱ्या व्यक्तीस अटक करण्याचा अधिकार नव्हता आणि गणवेश बदलण्यासाठीही वेगळ्या इमारतीत जावे लागे. तरीही बर्मिंगहॅममध्ये पहिला कृष्णवर्णीय पोलीस नेमला जाण्यास १९६६ साल उजाडावे लागले. अलाबामातील मतदान कर आणि नोंदणीतील अडथळे यांमुळे तेथील कृष्णवर्णीयांच्या हाती मतपेटीचे हत्यार नव्हते.

लंच काउंटरच्या प्रश्नावरही अटलांटाचे व्यापारी स्वखुशीने झुकले नाहीत. १९६० मध्ये विद्यार्थ्यांनी धरणे धरले. ऑक्टोबरमध्ये रिचेस या प्रतिष्ठित दुकानात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. मार्च १९६१ मध्ये समझोता झाला, परंतु अंमलबजावणी शरद ऋतूतील शालेय प्रवेशानंतर करण्याचे ठरले. त्या वर्षी ३० ऑगस्ट रोजी ९ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या ४ शाळांत शांततेने प्रवेश केला आणि अटलांटाची देशभर प्रशंसा झाली.

६. १९६३ : प्रतिमेची किंमत

बर्मिंगहॅमचे सार्वजनिक सुरक्षा आयुक्त यूजीन 'बुल' कॉनर यांच्या कारकिर्दीत १४ मे १९६१ रोजी बसस्थानकावर 'फ्रीडम रायडर्स'ना जमावाने मारहाण केली आणि पोलीस वेळेवर आले नाहीत. त्या वेळी शहराच्या व्यापारी मंडळाचे नेते सिडनी स्मायर टोकियो येथील रोटरी अधिवेशनात होते. तेथील वृत्तपत्रांतील छायाचित्राने त्यांना आपल्या शहराची जागतिक अवस्था कळली. त्यानंतर व्यापाऱ्यांच्या एका गटाने नगरशासनाचे स्वरूप बदलण्याची चळवळ सुरू केली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये मतदारांनी आयुक्त पद्धतीऐवजी महापौर-परिषद पद्धती स्वीकारली. अटलांटाच्या स्पर्धेचा धाक येथे एका अर्थाने उपयोगी पडला.

तथापि निर्णायक दबाव चळवळीचाच होता. फ्रेड शटल्सवर्थ यांनी १९५६ पासून बाँबहल्ले सोसून तेथे संघटना उभी केली होती. एप्रिल १९६३ मध्ये किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. २ मेपासून शाळकरी मुले रस्त्यावर आली. त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि कुत्रे सोडण्यात आले. १० मे रोजी समझोता झाला. १५ सप्टेंबर रोजी सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये झालेल्या बाँबस्फोटात ४ मुली मृत्युमुखी पडल्या.

याच वर्षी जुलैमध्ये अटलांटाचे महापौर आयव्हन ॲलन यांनी नागरी हक्क विधेयकाच्या बाजूने काँग्रेसपुढे साक्ष दिली. दक्षिणेतील गोऱ्या लोकप्रतिनिधीसाठी ते धाडसाचे कृत्य होते. परंतु याच ॲलन यांनी सात महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६२ मध्ये, पेटन रोड या रस्त्यावर अडथळे उभारून कृष्णवर्णीय कुटुंबांचा गोऱ्या वस्तीकडील मार्ग रोखला होता. 'अटलांटाची बर्लिन भिंत' म्हणून त्याचा निषेध झाला. मार्च १९६३ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरविल्यावर अडथळे काढण्यात आले.

७. वस्तीचा नकाशा

पेटन रोडची घटना अपवादात्मक नव्हती. अटलांटाने १९१३ मध्ये आणि पुन्हा १९२२ मध्ये वंशानुसार वस्ती ठरविणारे नियम केले. १९२४ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नंतरचे नियमही रद्द केले. बर्मिंगहॅमचा १९२६ चा असाच कायदा मात्र १९५१ पर्यंत टिकला. तो मोडीत निघू लागताच सेंटर स्ट्रीटवरील सीमारेषा ओलांडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या घरांवर बाँब पडले आणि त्या भागाला 'डायनामाइट हिल' हे नाव मिळाले.

अटलांटात सुरुंगाची जागा वाटाघाटींनी घेतली. कोणती गल्ली कोणाची, हे दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींच्या समित्या ठरवीत. रस्ते आणि महामार्ग यांचा सीमा म्हणून उपयोग केला जाई. कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकांनी कॉलियर हाइट्ससारखी सुंदर उपनगरे उभारली, ही या व्यवस्थेतील खरी मिळकत होती; पण तीही सीमेच्या ठरलेल्या बाजूलाच.

परिणाम आकड्यांत दिसतो. वस्तीचे विलगीकरण मोजणाऱ्या शून्य ते शंभर या निर्देशांकावर १९६० साली दोन्ही शहरे नव्वदीच्या पलीकडे होती. म्हणजेच दोन्ही समाज शहरभर समप्रमाणात पसरण्यासाठी एका समाजाच्या दर शंभरांतील नव्वदांहून अधिक लोकांना घर बदलावे लागले असते. ज्या शहरात बाँब फुटत होते आणि ज्या शहरात समित्या बसत होत्या, त्या दोन्ही शहरांचा नकाशा जवळजवळ एकच होता.

८. उत्तरकाळ

१९६० च्या दशकात सुमारे ६० हजार आणि १९७० च्या दशकात आणखी सुमारे एक लाख गोऱ्यांनी अटलांटा सोडले. 'हे शहर स्थलांतरात एवढे गुंतले आहे, की द्वेषाला सवड नाही' असा विनोद त्यावरून रूढ झाला. १९६५ मध्ये शहराने नवे क्रीडागार उभारले आणि पुढल्याच वर्षी तेथे व्यावसायिक बेसबॉल संघ आला. प्रथम दर्जाच्या शहराचे ते लक्षण मानले गेले. परंतु त्यालगतच्या समरहिल या उपेक्षित कृष्णवर्णीय वस्तीत सप्टेंबर १९६६ मध्ये दंगल उसळली. १९७१ च्या मतदानात फुल्टन आणि डीकॅल्ब या परगण्यांनी सार्वजनिक वाहतूक व्यवस्था स्वीकारली, तर क्लेटन व ग्विनेट या परगण्यांनी ती नाकारली. क्लेटनने ती २०१४ मध्ये मान्य केली. ग्विनेटने २०१९ मध्येही नाकारली.

अटलांटाला १९७३ मध्ये आणि बर्मिंगहॅमला १९७९ मध्ये पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला. २०२० च्या जनगणनेत अटलांटाची लोकसंख्या ४,९८,७१५ आणि बर्मिंगहॅमची २,००,७३३ होती. स्पर्धेचा निकाल लागला, असे यावरून म्हणता येईल. परंतु राज चेट्टी व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अध्ययनानुसार अटलांटा महानगर परिसरातील सर्वांत गरीब पंचमांशात जन्मलेल्या मुलाची सर्वांत श्रीमंत पंचमांशात पोहोचण्याची शक्यता केवळ ४.५ टक्के होती. देशातील मोठ्या महानगरांत हे प्रमाण सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक गणले गेले.

९. निष्कर्ष

पहिला निष्कर्ष असा, की दोन शहरांतील फरक खरा होता आणि सामान्य माणसाच्या जीवित-सुरक्षेच्या दृष्टीने तो मोठा होता. वाटाघाटी आणि बाँब यांना एकाच पारड्यात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. दुसरा, या फरकाचे मूळ गोऱ्या नेतृत्वाच्या स्वभावापेक्षा भांडवलाच्या मालकीत, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांत आणि त्यांच्या मतदानशक्तीत होते. तिसरा, स्पर्धेने अटलांटाला चांगले दिसण्याची सक्ती केली. त्या सक्तीचा कृष्णवर्णीय नेत्यांनी कुशलतेने उपयोग केला. मात्र ज्या विलगीकरणाचे छायाचित्र निघत नव्हते, त्याला या स्पर्धेने धक्का लावला नाही. बर्मिंगहॅम इतके वाईट दिसत होते, की शेजारच्या शहराला स्वतःकडे पाहण्याची गरजच भासली नाही.

शहराची निवासयोग्यता ठरविताना ते कोणासाठी राहण्यायोग्य आहे, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर राहावे लागले, त्यांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र शहराच्या घोषणेबरोबर त्याच्या वस्तीचा नकाशाही वाचणे आवश्यक आहे.