पोलिओ आणि गॅमा ग्लोब्युलिन: पन्नास वर्षांनी दुसरी परीक्षा

सप्टेंबर १९५१. अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो परिसरात पोलिओची साथ होती. पिट्सबर्गचे डॉ. विल्यम हॅमन तिथल्या मुलांना गॅमा ग्लोब्युलिन टोचत होते, म्हणजे इतरांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडे. निम्म्या मुलांना मात्र नुसते जिलेटिन. आपल्या मुलाला काय मिळाले, हे आईबापांना माहीत नव्हते. तरीही ते आले! पुढच्या वर्षी ह्यूस्टन आणि सू सिटी धरून सुमारे ५५ हजार मुले झाली. संरक्षण मिळाले, पण जेमतेम पाच आठवडे. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली आणि हा प्रयोग मागे पडला.

पोलिओ मात्र संपला नव्हता. लहानपणी पोलिओ झालेल्या एका तरुण चर्मकामगाराला पुढे नव्याने अशक्तपणा आल्याची नोंद फ्रान्समध्ये १८७५ सालीच झाली होती. आजारातून वाचलेल्या चेतापेशी मेलेल्यांचे स्नायूही सांभाळतात आणि अनेक वर्षांनी थकतात, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. स्वीडनच्या संशोधकांना अशा रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूतील द्रवात दाहाच्या खुणाही सापडल्या. मग तेच जुने गॅमा ग्लोब्युलिन, या वेळी शिरेतून.

२००६ मध्ये त्यांच्या चाचणीचा निकाल आला. रुग्ण १४२, निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटे औषध. निवडलेल्या स्नायूच्या ताकदीत दोन गटांत सुमारे ८ टक्क्यांचा फरक पडला. नॉर्वेतल्या २० रुग्णांच्या चाचणीत वेदना कमी झाल्या, ताकद वाढली नाही. पुढे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी पुरावा अपुरा ठरवला. माझ्या मते हा निर्णय रास्तच, कारण औषध महाग आहे आणि दात्यांच्या रक्तावर अवलंबून आहे.

भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. त्याआधीच्या साथींतून वाचलेले आता प्रौढ झालेत. शाळेत माझ्या बाकावर कॅलिपर घालून बसणारा मित्र त्यांच्यातलाच. हल्ली त्याचा 'चांगला' पायही जिन्यावर दमतो. "वय झालं," असे त्याला सांगण्यात आले. वय किती, तर शेहेचाळीस! त्याने मला त्या इंजेक्शनबद्दल विचारले. मी आठ टक्क्यांचा हिशेब सांगितला आणि म्हणालो, "आधी मेंदूविकारतज्ज्ञाला भेट. आणि बाबा रे, लहानपणीचा पोलिओ सांगायला विसरू नकोस."