पेला, घोडा आणि एकटा माणूस

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

मी गझल लिहिणारा माणूस. साकी, पेला, मैखाना ही आमच्या घरातली जुनी भांडीकुंडी. ओठाला थेंबही न लावलेले कवी त्यांच्यावर आयुष्य काढतात, मीही त्यांतलाच. त्यामुळे अमेरिकेतली ‘कंट्री’ गाणी पहिल्यांदा ऐकली तेव्हा निम्मी भाषा कळली नाही, पण दुःख ओळखीचं वाटलं. तोच पेला, तीच निघून गेलेली प्रेयसी, तोच रात्रभर जागा माणूस. फक्त बुलबुलच्या जागी आगगाडीची शिट्टी.

आधी घोड्यावरच्या माणसाविषयी. सिनेमातला काऊबॉय पिस्तुलवाला. खरा काऊबॉय म्हणजे पगारी गुराखी. १८६५ साली तिथलं यादवी युद्ध संपलं, तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती आणि भाव पडलेला होता. उत्तरेकडच्या शहरांत मांसाला मागणी होती, पण रेल्वे कॅन्ससपर्यंतच आलेली. म्हणून १८६७ पासून हजारो गुरं अ‍ॅबिलीनच्या स्टेशनापर्यंत पायी हाकत न्यायची. दोन-तीन महिन्यांची वाट आणि महिन्याला साधारण तीस डॉलर. या गुराख्यांत कृष्णवर्णीय होते, मेक्सिकन होते. ‘रोडिओ’ हा शब्दसुद्धा स्पॅनिशमधला. रात्री कळप बसला की दोघे जण घोड्यावरून त्याच्याभोवती उलटसुलट दिशांनी फिरत आणि संथपणे गात राहत. हौस म्हणून नव्हे. वीज कडाडली किंवा नुसतं भांडं पडलं तरी कळप उधळायचा आणि माणसं तुडवली जायची. ओळखीचा आवाज कानावर पडत राहिला की गुरं शांत असत. म्हणजे या गाण्यांचे पहिले श्रोते गाई-बैल! त्यांना झोप लागली, की तीच दाद. (आमच्या मुशायऱ्यांतही असे श्रोते भेटतात, पण ते असो.)

हा सगळा खेळ वीसेक वर्षांत आटोपला. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचं पेटंट मिळवलं, मोकळी माळरानं कुंपणांत गेली, रेल्वे टेक्सासात पोचली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात तर उत्तरेच्या कुरणांवर गुरंच्या गुरं गोठून मेली. काऊबॉय संपला आणि मग त्याची गाणी बाजारात आली. जॉन लोमॅक्स यांनी १९१० मध्ये ती पुस्तकात छापली. १९३० च्या दशकात जीन ऑट्री हा पडद्यावरचा गाणारा काऊबॉय म्हणून गाजला. तो त्याआधी रेल्वेत तारबाबू होता.

दुसरा धागा डोंगरातला. अ‍ॅपलेशियन पर्वतरांगांत इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंडहून आलेली कथागीतं होती आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा बँजो होता. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पिअर यांनी टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडलं. तिथे कार्टर कुटुंब आलं आणि जिमी रॉजर्सही आला. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता. क्षयामुळे ते काम सुटलं होतं. आपल्याला किशोरकुमारांमुळे परिचित असलेलं यॉडलिंग त्याने कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये मिसळलं. मे १९३३ मध्ये न्यूयॉर्कला त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा स्टुडिओत त्याच्यासाठी खाट टाकली होती. एक गाणं म्हणायचं आणि आडवं व्हायचं. त्यानंतर दोनच दिवसांनी तो गेला. वय पस्तीस.

त्याच वर्षी, १९३३ मध्ये, अमेरिकेतली तेरा वर्षांची दारूबंदी उठली. रस्त्याकडेला ‘हाँकी-टाँक’ म्हणतात तसले गुत्ते निघाले, त्यांत नाणं टाकून वाजणारे ज्यूकबॉक्स आले. गोंगाटात ऐकू यावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. आई, चर्च, डोंगरातलं घर हे विषय मागे पडले. पेला आणि बेइमानी पुढे आली. रडणाऱ्या माणसासारखी घसरत जाणारी स्टील गिटार हवाई बेटांवरची. तिच्यावर वाजवलेल्या हिंदी सिनेमातल्या धुना आपणही रेडिओवर ऐकल्या आहेत.

या गुत्त्यांचा बादशहा हँक विल्यम्स. १९२३ साली अलाबामात जन्मला, रूफस पेन या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून शिकला. पाठीच्या कण्यात जन्मजात दोष, दुखण्यावर औषधं, त्यावर दारू. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ने ऑगस्ट १९५२ मध्ये त्याला काढलं. १ जानेवारी १९५३ रोजी ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना तो मोटारीच्या मागच्या सीटवर मेलेला आढळला. वय एकोणतीस. आणखी एक मोठा गायक जॉर्ज जोन्स. दारूसाठी बाहेर पडू नये म्हणून बायकोने मोटारींच्या किल्ल्या लपवल्या, तर हा गवत कापायच्या यंत्रावर बसून दारूच्या दुकानाला निघाला. त्यानेच आत्मचरित्रात हे सांगितलंय. लोक हा किस्सा हसून सांगतात. मला हसू येत नाही.

का ते सांगतो. माझा चुलतभाऊ ट्रक चालवायचा आणि प्यायचा. एका मुशायऱ्यात माझ्या मैखान्याच्या शेरांना भरपूर दाद मिळाली. दुसऱ्या दिवशी भाभी म्हणाली, “भाई, तुमच्या शेरातला तो माणूस रात्री घरी कधी येतो? दार उघडणारीचं काय होतं, ते नाही लिहिलंत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे किटी वेल्सची गोष्ट वाचली तेव्हा भाभी आठवली. १९५२ मध्ये हँक थॉम्प्सनचं एक गाणं फार गाजत होतं. त्यात सोडून गेलेल्या बाईलाच दोष दिला होता. त्याला उत्तर देणारं गाणं किटी वेल्सने म्हटलं. बायका बिघडतात त्यामागे पुरुषांची फसवणूक असते, असा त्याचा आशय. गाणं सोडून घरी बसायच्या बेतात असलेली ही संसारी बाई केवळ ध्वनिमुद्रणाचे १२५ डॉलर मिळतील म्हणून तयार झाली होती. काही रेडिओंनी ते वाजवायचं नाकारलं. तरी बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं एकट्या गायिकेचं ते पहिलं गाणं ठरलं.

भाऊ आता नाही. त्या गझलेतले दोन शेर मी पुढे संग्रहात घेतले नाहीत. भाभीचा प्रश्न मतल्यात बसवायचा प्रयत्न मात्र चालू आहे. अजून बसत नाही.