पोळी सोडण्याआधी टेस्ट: सीलियाक सापडला कसा?

हा भाग जेवताना ऐकत असाल तर आधीच सांगतो, यात जुलाब, शौच आणि आतडी हे शब्द बऱ्याचदा येणार आहेत. डबा संपवा, मग प्ले करा.

प्रश्न तसा साधा आहे. ‘मला अमुक पदार्थ सोसत नाही’ हे सिद्ध कसं करायचं? हल्ली प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी एक जण ‘मी ग्लुटेन सोडलंय’ म्हणणारा असतो. सोडलं, बरं वाटलं, म्हणजे कारण सापडलं, असा त्यामागचा हिशोब. हा हिशोब कुठे चुकू शकतो ते बघायचं तर सीलियाक या आजाराची गोष्ट ऐकायला हवी. यात गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. खाल्लेलं अंगाला लागत नाही. मूल खंगतं, पोट फुगतं, वाढ थांबते.

नाव जुनं आहे. ग्रीकमध्ये ‘कोइलिया’ म्हणजे पोट. साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकात अरेटियस या ग्रीक वैद्याने अशा रोग्यांचं वर्णन करून ठेवलं होतं. अन्न न पचता बाहेर पडतं, माणूस अशक्त होत जातो, हे त्याला दिसलं. कारण मात्र पुढची अठराशे वर्षं कुणाला सापडलं नाही.

मग येतात लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी. १८८७ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलात त्यांनी या आजारावर व्याख्यान दिलं, ते पुढच्या वर्षी छापून आलं. रोगी बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी एका मुलाचं उदाहरण दिलंय. त्याला रोज डच शिंपल्या खायला दिल्या आणि तो छान सुधारला. शिंपल्यांचा हंगाम संपला तसा पुन्हा आजारी पडला. म्हणजे दिशा बरोबर होती, पण ताटातला नेमका गुन्हेगार कोण ते कळत नव्हतं.

केळ्यांचा चमत्कार

१९२४ साली न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास या डॉक्टरांनी दहा मुलांची माहिती छापली. आठ जणांना केळ्यांवर भर असलेला आहार दिला, ती सुधारली. ज्या दोघांना तो मिळाला नाही, ती दोन्ही मुलं गेली. विचार करा, ज्या आजारात मुलं डोळ्यांदेखत मरत होती, त्यावर केळं हा उपाय! पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत या मुलांना केळी खाऊ घातली गेली आणि अनेकांचे जीव खरंच वाचले.

पण हासच्या आहारात ब्रेड, बिस्किटं, बटाटे आणि सगळी धान्यं बंद होती. मुलं बरी होत होती ती गहू बंद झाल्यामुळे. श्रेय मिळालं केळ्याला.

आमच्या कामात हे रोज घडतं. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बिघडतं, आपण एकदम पाच गोष्टी बदलतो, सिस्टिम चालू होते आणि मीटिंगमध्ये सगळे पाचातल्या भलत्याच बदलाला श्रेय देतात. महिन्याभराने तोच बग परत. इथेही तेच झालं. केळ्याने आजार ‘बरा झाला’ असं समजून मुलं पुन्हा ब्रेड खाऊ लागली. गव्हाचा संबंधच माहीत नसल्यामुळे पुढे आयुष्यभर गहू टाळायचा, हे त्यांना सांगणार कोण?

हेगचा डॉक्टर आणि उपासमारीचा हिवाळा

विलेम कारेल डिके हे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ. जन्म १९०५चा. १९३६ साली ते हेग शहरातल्या युलियाना मुलांच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले. त्यांच्याबद्दलची लोकप्रिय गोष्ट अशी: युद्धात ब्रेड मिळेनासा झाला, मुलं बरी झाली, डिकेंना कोडं सुटलं. ऐकायला मस्त आहे, पण क्रम उलटा आहे. डिकेंना गव्हाचा संशय तिशीच्या दशकातच आला होता. ब्रेड बंद केला की लेकराचा त्रास कमी होतो, असं एका आईने सांगितलं होतं आणि ते डिकेंच्या कानावर आलं, असं सांगतात. १९४१ साली त्यांनी गहू नसलेल्या आहाराबद्दल लिहिलंही होतं.

युद्ध आलं ते त्यानंतर. सप्टेंबर १९४४मध्ये डच रेल्वे कामगारांनी संप केला आणि जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सचं अन्न अडवलं. अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांत लोक ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट खाऊन जगले. फेब्रुवारी १९४५च्या सुमारास माणशी रेशन दिवसाला ६०० कॅलरींच्याही खाली गेलं होतं. जवळपास २०,००० माणसं मेली. त्या दिवसांत सीलियाकची मुलं मात्र तुलनेने बरी राहिली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंच्या संशयाला यामुळे मोठं बळ मिळालं.

तरीही ते तिथे थांबले नाहीत, आणि मला या माणसाचं हेच सगळ्यात जास्त आवडतं. उपासमारीत शंभर गोष्टी एकदम बदललेल्या असतात, त्यातून एकच कारण सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी हॉस्पिटलातल्या मुलांना दीर्घकाळ आलटून पालटून गहू दिला, बंद केला, पुन्हा दिला. वजनाच्या नोंदी ठेवल्या. व्हान दे कामर या त्यांच्या सहकाऱ्याने शौचातली चरबी मोजायची पद्धत बसवली होती, तिच्यामुळे अन्न किती वाया जातंय ते आकड्यांत दिसू लागलं. गहू आणि राय दिले की बिघडतं. तांदूळ आणि मका दिला तर नाही. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी यावर प्रबंध दिला. गव्हाच्या पिठातला स्टार्च निर्दोष आणि ग्लुटेन दोषी, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या गटाने आणि इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या गटाने दाखवून दिलं.

आत डोकावणं

कारण कळलं, पण निदानाचं काय? पोट फुगलेलं प्रत्येक मूल सीलियाकचं नसतं. १९५०च्या दशकात आतडं आतून बघण्याची सोय झाली. लंडनमध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा तुकडा काढायची पद्धत आणली. १९५७मध्ये अमेरिकी सैन्यातले डॉक्टर विल्यम क्रॉस्बी यांची कॅप्सूल आली. रोग्याने नळीला जोडलेली धातूची छोटी डबी गिळायची, ती आतड्यात पोचली की आतलं पातं अस्तराचा कण कापून घ्यायचं. सूक्ष्मदर्शकाखाली फरक लगेच दिसायचा. निरोगी आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं, असंख्य बारीक दोरे उभे. सीलियाकमध्ये ते झिजून सपाट होतात.

१९६९ साली युरोपातल्या बालरोगतज्ज्ञांनी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला निकष ठरवले, त्यानुसार एका मुलाच्या तीन बायोप्सी लागायच्या. पहिली गहू खात असताना, दुसरी सोडल्यावर, तिसरी पुन्हा सुरू केल्यावर. मुलाच्या आणि आईबापांच्या दृष्टीने भयंकर प्रकार. पण डिकेंचं ‘दे, बंद कर, पुन्हा दे’ त्यात जसंच्या तसं आहे.

पुढे रक्ताच्या तपासण्या आल्या. १९९७ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की या रोग्यांची प्रतिकारशक्ती टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या शरीरातल्याच एका एन्झाइमवर हल्ला करते. आज डॉक्टर जी ‘टीटीजी’ टेस्ट सांगतात ती हीच. आकडा वाढलेला आला की मोठ्यांमध्ये बहुधा एंडोस्कोपी करून बायोप्सी घेतात.

मग आपलं काय?

हा गोऱ्यांचा आजार नाही. उत्तर भारतातल्या मुलांमधल्या सीलियाकबद्दल १९६६ सालीच वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या अभ्यासात प्रमाण उत्तरेत सुमारे १.२ टक्के, तर दक्षिणेत ०.१ टक्का निघालं. उत्तरेत गहूही कितीतरी पट जास्त खाल्ला जातो. आणि लक्षण दरवेळी पोटाचंच असेल असं नाही. लोहाच्या गोळ्या खाऊनही न हटणारा अॅनिमिया, खुंटलेली उंची, एवढंच दिसू शकतं. घरातल्या एखाद्या ताईला किंवा काकूला वर्षानुवर्षं ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगितलं जात असेल, तर हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. टीटीजी असो की बायोप्सी, दोन्ही तपासण्या तुम्ही गहू खात असतानाच खऱ्या ठरतात. सहा महिने पोळी बंद ठेवून टेस्ट केली तर अँटिबॉडी उतरलेल्या असतात, अस्तर भरून येत असतं आणि रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. पुरावा आपणच पुसलेला असतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी डॉक्टर, मग टेस्ट, मग पोळी बंद. आधीच सोडली असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते देखरेखीखाली काही आठवडे गहू पुन्हा सुरू करायला सांगू शकतात, किंवा एक जनुकीय तपासणी. ती निगेटिव्ह आली तर सीलियाक जवळपास बाद. पॉझिटिव्हने मात्र काही सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं कित्येक निरोगी माणसांतही असतात.

अॅपवर मिळणारं ‘शंभर पदार्थांची इन्टॉलरन्स टेस्ट’ हे पॅकेज बऱ्याचदा आयजीजी अँटिबॉडी मोजतं. त्या अँटिबॉडी तुम्ही तो पदार्थ खाता एवढंच सांगतात. निदानासाठी ही टेस्ट वापरू नका, असं अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना बजावून सांगतात.

‘पण मला खरंच बरं वाटतं!’ वाटत असेल, त्यावर माझा वाद नाही. २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने सीलियाक नसलेल्या, पण ग्लुटेन सोसत नाही म्हणणाऱ्या ३७ जणांवर प्रयोग केला. आधी आहारातली पोटात आंबणारी काही कर्बोदकं कमी केली, मग कळू न देता कधी ग्लुटेन दिलं, कधी नाही. ग्लुटेनचा वेगळा असा परिणाम दिसला नाही. त्रास खरा होता, कारण बहुधा गव्हातलंच दुसरं काहीतरी. पुन्हा केळ्याचीच गोष्ट.

आणि समजा निदान झालंच, तर आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत, उपासाचे वरी, राजगिरा, साबुदाणा आहेत. फक्त दोन ठिकाणी सांभाळा. ज्वारी त्याच गिरणीत गव्हामागोमाग दळली तर पिठात गहू येतोच. आणि डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, तेव्हा मागचं लेबल वाचा.

तुमच्या ग्रुपमधल्या त्या ‘ग्लुटेन सोडलंय’वाल्याला हा भाग पाठवा आणि एवढंच विचारा, टेस्ट सोडायच्या आधी केलीस की नंतर? भेटू पुढच्या भागात.