जनुक आणि वाण : बीटी कापसाच्या इतिहासाचे एक वाचन

साहित्याच्या अभ्यासकाला आशय आणि घाट यांचा भेद नव्याने सांगावा लागत नाही. एकच आशयसूत्र ओवीत आले, नाटकात आले किंवा कादंबरीत आले, म्हणजे त्याचे काय काय होते हे वर्गात उलगडून दाखवणे हे तर आपले रोजचेच काम. वर्गाबाहेरच्या गोष्टींकडे पाहताना मात्र हा भेद आपण सहज विसरतो. वनस्पतींच्या जनुकीय अभियांत्रिकीविषयी मराठीत गेली दोन-अडीच दशके जी चर्चा झाली, ती या विस्मृतीचे ठळक उदाहरण आहे, असे आम्हाला वाटते. या चर्चेत जनुक हाच नायक असतो किंवा जनुक हाच खलनायक. ते जनुक ज्या वाणात घालून शेतकऱ्याच्या हाती देण्यात आले, तो वाण मात्र नेपथ्यासारखा मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्या वाणाला पुढे आणून हा इतिहास पुन्हा वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभ शब्दांपासून करू. 'जीन'साठी मराठीने 'जनुक' हा सुटसुटीत शब्द घडवला आणि तो रुळलाही. परके जनुक घातलेल्या पिकाला काय म्हणावे, याबाबत मात्र एकमत झाले नाही. कोणी 'जनुकीय सुधारित' म्हणतो, कोणी 'जनुकीय परावर्तित', तर कोणी सावधपणे 'जनुकीय बदल केलेले'. पहिल्या शब्दात निवाडा आधीच झालेला आहे. 'सुधारित वाण' ही कृषिखात्याची जुनी, शिफारशीची भाषा. उलट 'हायब्रीड' या शब्दाचे आपल्या बोलीत काय झाले ते पाहावे. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली आणि काही वर्षांतच 'हायब्रीड' म्हणजे भरघोस पण बेचव, दिसायला टपोरे पण कसदार नसलेले, असा अर्थ रूढ झाला. त्याच्या विरोधात 'गावरान' हा शब्द उभा राहिला. म्हणजे संकरित बियाण्याविषयीची एक शंका मराठी भाषेने फार पूर्वीच नोंदवून ठेवली होती. बीटी आल्यावर ती शंका सगळीच्या सगळी जनुकाच्या खात्यावर जमा झाली, आणि संकरित वाण त्या चर्चेतून जवळजवळ निसटला.

आता जनुकाचा इतिहास. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना रेशीमकिड्यांच्या एका रोगामागे विशिष्ट जिवाणू आढळला. पुढे १९११ मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातील पतंगाच्या अळीत तोच जिवाणू सापडला. थुरिंगिया प्रांतावरून त्यांनी त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हे नाव दिले. 'बीटी' हे त्याचेच लघुरूप. हा जिवाणू एक स्फटिकरूप प्रथिन तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, आतड्याच्या पेशींना चिकटते आणि त्यांना छिद्रे पाडते. माणसाच्या जठरातील वातावरण आम्लधर्मी असते आणि त्या प्रथिनाला चिकटण्याची जागाही आपल्या आतड्यात नसते. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये या जिवाणूपासून केलेले कीटकनाशक बाजारात आले होते. याचा अर्थ, बीटी जेव्हा झाडात शिरले तेव्हा ते शेतीला अनोळखी नव्हते.

झाडात शिरण्याची वाट दुसऱ्याच एका जिवाणूने दाखवली. फळझाडांच्या बुंध्यावर गाठी उठवणारा हा मातीतला जिवाणू १९०७ मध्ये अमेरिकेत अर्विन स्मिथ आणि टाउनसेंड यांनी ओळखला. जिवाणू मारून टाकला तरी गाठ वाढतच राहते, हे कोडे अनेक वर्षे सुटत नव्हते. १९७४ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे जेफ शेल आणि मार्क व्हान मोंटाग्यू यांच्या गटाला या गाठीचे मूळ जिवाणूतील एका वर्तुळाकार डीएनएत सापडले. १९७७ मध्ये सिएटल येथे मेरी-डेल चिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत प्रत्यक्ष जाऊन बसतो हे दाखवले. निसर्गातच चाललेली ही घुसखोरी माणसाने आपल्या कामी लावली. रोगकारक भाग काढून तिथे हवे ते जनुक ठेवायचे, एवढीच कल्पना. जानेवारी १९८३ मध्ये मायामीतील एका परिषदेत तीन गटांनी हे साधल्याचे जाहीर केले. त्यांपैकी दोन विद्यापीठीय होते आणि तिसरा मोन्सॅन्टो कंपनीचा. १९९६ मध्ये अमेरिकेत बीटी कापसाची व्यापारी लागवड सुरू झाली.

तिथे हे जनुक ज्या कापसात आले तो 'सरळ वाण' होता. सरळ वाणाचे बी धरून ठेवले आणि पुढच्या वर्षी पेरले, तर पीक आदल्या वर्षीसारखेच येते. अमेरिकेतील शेतकऱ्याने ते धरू नये यासाठी कंपनीला एकस्व आणि करारनामे यांचा आधार घ्यावा लागला. भारतात तशी गरजच पडली नाही, कारण इथे कुलूप झाडातच होते.

त्या कुलपाचा इतिहास वेगळा आणि संपूर्णपणे भारतीय आहे. कापसाचे फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यातील पुंकेसर हाताने काढून टाकायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर चोळायचे, अशा कष्टाच्या पद्धतीने सुरत येथे सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा वाण सिद्ध केला. १९७० मध्ये प्रसारित झालेला हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस. स्वस्त मजुरी, आणि त्यातही बायका व मुली यांची मजुरी, उपलब्ध असलेल्या देशातच असे बियाणे परवडू शकत होते. संकरित वाणाची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते. तिचे बी धरून पेरले तर दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून दर वर्षी नवे पाकीट. जालन्याला १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेली 'महिको' ही कंपनी याच संकरित बियाण्याच्या युगात मोठी झाली.

घरचे बी धरण्याची परंपरा तोवर अखंड होती असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात जिनिंगचे कारखाने आले, तेव्हाच घरच्या रेच्यावर निघणारी सरकी घराबाहेर गेली आणि दहा गावांच्या सरकीत मिसळून परत येऊ लागली. तरीही शेणमातीत घोळलेली सरकी पेरणाऱ्या शेतकऱ्याला निवडीचा थोडा वाव होता. संकरित वाणाने तो संपवला.

मोन्सॅन्टोचे जनुक भारतात आले ते महिकोच्या हातून, आणि साहजिकच संकरित वाणात. २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याच्या काही महिने आधी, २००१ मध्ये, गुजरातेत 'नवभारत १५१' हा विनापरवाना बीटी वाण हजारो एकरांवर उभा असल्याचे उघड झाले. ते पीक जाळण्याच्या आदेशाला शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने विरोध केला. त्याआधी १९९८ मध्ये कर्नाटकात नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने चाचणीची शेते जाळली होती. एका बाजूला तंत्रज्ञानस्वातंत्र्याची मागणी, दुसऱ्या बाजूला बहुराष्ट्रीय कंपनीला विरोध. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, आणि दोन्ही बाजूंचे लक्ष जनुकावर खिळलेले होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, बीटीच्या या पहिल्या जनुकावर भारतात एकस्व नव्हतेच. दुसरी अशी की, संसदेने २००१ मध्ये संमत केलेल्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला होता. कागदावर शेतकरी मुक्त होता. प्रत्यक्षात सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये मोजत होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने दाद मागितल्यावर हा भाव ७५० रुपयांवर आला. कायद्याने दिलेला हक्क वाणाच्या रचनेने निरर्थक केला, आणि त्यासाठी कोणाला कायदा मोडावा लागला नाही.

जनुकाने आपले काम केले का? प्रारंभी निश्चित केले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या घटल्या, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. देशातील रुईची उत्पादकता २००१-०२ मध्ये हेक्टरी सुमारे ३०० किलो होती, ती २००७-०८ मध्ये सुमारे ५५० किलो झाली. पण २००४-०५ मध्येच ती साडेचारशेच्या पुढे गेली होती, आणि तेव्हा अधिकृत बीटीचे क्षेत्र एकूण कापसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होते. तेव्हा गुजरातेतील सिंचन, खते, नवी कीटकनाशके यांचाही वाटा मानावा लागतो. त्याच न्यायाने, विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे सत्र नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे बीटीपूर्वीच, सुरू झाले होते, हेही सांगायला हवे. चमत्काराची कथा आणि शापाची कथा या दोन्ही कालक्रमाच्या कसोटीवर तोकड्या पडतात.

पंजाब-हरियाणातील कापूस तोपर्यंत बहुतांशी सरळ वाणांचा होता. २००५ मध्ये तिथे बीटीला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत तो पट्टाही संकरित झाला. तिथल्या शेतकऱ्याला हवे होते जनुक. त्याच्या सोबत वाण आला.

यातून सुटण्याचा एक प्रयत्न झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने 'बिकानेरी नर्मा' या सरळ वाणात बीटी जनुक घातले. बी शेतकऱ्याने धरावे, हीच त्यामागची भूमिका. २००८ मध्ये परवानगी मिळाली, २००९ मध्ये बियाणे विकले गेले, आणि त्याच वर्षाअखेर ते मागे घ्यावे लागले. कारण त्यात मोन्सॅन्टोच्या जनुकरचनेचा अंश आढळला. चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. सार्वजनिक संस्थेची ही नामुष्की वर्तमानपत्रांत गाजली. पण एक पर्याय मिटला, याची खंत फारशी कोणी केली नाही.

त्या पर्यायाची किंमत पुढे गुलाबी बोंडअळीने दाखवून दिली. ही अळी बोंडाच्या आत शिरून सरकी खाते. बहुतेक संकरित वाणांत बीटी जनुक एकाच जनकाकडून येते. त्यामुळे त्याच्या बोंडातील काही सरकी विषयुक्त आणि काही बिनविषारी निघते. अशा मिश्र आहारावर प्रतिकारक्षम अळ्यांची निवड झपाट्याने होते. शिवाय महाग बी म्हणून विरळ लागवड, विरळ लागवड म्हणून एकेका झाडावर भरपूर बोंडे आणि लांबलेला हंगाम, त्यात पुन्हा फरदड. फेब्रुवारीपर्यंत अळीला अन्न तयार. नॉन-बीटीच्या आश्रय ओळी लावण्याचा नियम पाकिटासोबतच्या छोट्या पुडीतच राहिला. पहिल्या जनुकाला गुलाबी अळी दाद देत नसल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले. २००६ पासूनचा दोन जनुकांचा वाणही पुढील काही वर्षांत निष्प्रभ झाला. २०१७ मध्ये विदर्भात कापूस हातचा गेला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी कमी करण्यासाठी आणलेल्या पिकाच्या शेतात हे घडावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. सरळ, कमी मुदतीच्या वाणांवर भिस्त ठेवणाऱ्या अमेरिकेने मात्र बीटी, वंध्य पतंग सोडणे आणि शिस्तबद्ध लागवड यांच्या जोडीने २०१८ मध्ये याच अळीच्या निर्मूलनाची घोषणा केली.

आमच्या म्हणण्याला सर्वांत स्पष्ट पुरावा वांग्याचा आहे. महिकोच्या बीटी वांग्याला भारतात ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. तेच जालन्याचे जनुक बांगलादेशाने स्वीकारले, पण आपल्या सरकारी कृषिसंस्थेच्या सरळ वाणांत घालून. जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना त्याची रोपे देण्यात आली, आणि बी धरण्याची त्यांना मुभा होती. जनुक एक, कंपनी एक. घाट निराळा, म्हणून शेतकऱ्याशी असलेले नातेही निराळे. बांगलादेशात सर्व आलबेल झाले असा आमचा दावा नाही. तिथे निदान योग्य प्रश्न विचारला गेला.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशकसहिष्णू कापूस विनापरवाना, जाहीरपणे पेरला. पुन्हा तीच दोन टोके, पुन्हा तोच जनुकाचा वाद. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. ते सरकारी संस्थांचे आहेत आणि सरळ वाण आहेत. त्यांचे स्वागत किंवा निषेध करण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. या तंत्राची मालकी कोणाकडे राहणार? बी धरता येणार का? कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम त्यात बसतो का?

विज्ञानाचे निर्णय वैज्ञानिकांनी घ्यावेत, यात दुमत नाही. पण एखादी कथा कोणत्या घाटात सांगितली जात आहे आणि त्या घाटामुळे कोण निवेदक होतो, कोण नुसताच ग्राहक, हे ओळखण्याचे शिक्षण आपल्या विद्याशाखेत मिळते. ते कविता-कादंबरीपुरते राखून ठेवण्याचे कारण नाही. पुढील खरिपात जे पाकीट फोडले जाईल त्यावर जनुकाचे नाव मोठ्या अक्षरांत असेल. वाण संकरित की सरळ, हे बारीक अक्षरांत छापलेले असेल. आपण तिथून वाचायला सुरुवात करावी.